धाकट्या लक्ष्मीची कोठी

त्या साली पोळा होऊन गेला तरी माझं अंगावरून जाणं थांबलं नव्हतं. आज थांबेल, उद्या थांबेल म्हणत मी कामाला जात होते. पुण्याच्या बाहेर, कंपन्यांच्या भागात आमची एक खोली आहे. मी बाटल्यांची झाकणं तपासायच्या कामाला होते. दिवसभर उभ्यानं काम. सरकत्या पट्ट्यावरून झाकणं पुढं जायची आणि माझं सगळं ध्यान पायांकडं. काही ओघळलं का? मागून कुणी बघतंय का? संडासला जायचं तर लाइनवरच्या मुकादम बाईला विचारावं लागायचं, आणि सारखं सारखं काय विचारणार? काळा परकर, त्याच्यावर काळी साडी. शेजारची पोरगी हसून म्हणायची, "ताई, तुमच्या घरी कुणी वारलं का?"

मी शाळा सोडली तीही ह्याच कारणानं. शाळा नरसीला होती. एक दिवस मी बाकावरून उठले आणि पाठीमागं हसणं सुरू झालं. घरी आल्यावर आईनं माझं दप्तर खुंटीला अडकवलं, ते तिथंच राहिलं. आठवी पुरी झाली नाही. आईला मी बोल लावत नाही, तिलाही तिच्या आईनं तसंच घरी बसवलं होतं. पण तेव्हापासून एक भीती अंगात बसली ती बसलीच. अंगातून काही बाहेर येतंय म्हटलं की पहिलं मनात येतं, आता हेही सुटणार.

लक्ष्म्यांच्या आधी आम्ही गावी गेलो. सासर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला. महालक्ष्म्या आमच्याकडं मोठ्या थाटात उभ्या असतात, दोघी बहिणी आणि त्यांची दोन बाळं. माझं तोंड पांढरं पडलेलं बघून सासूबाईंनी सामान खाली ठेवू दिलं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. "सरळ हिंगोलीला घेऊन जा हिला," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या.

तिथल्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरनं मशीन फिरवून बघितलं. बोलले ते सगळं माझ्या नवऱ्याशी. गर्भाच्या पिशवीत गाठ आहे, पिशवी खराब झालीय, तशीच ठेवली तर कॅन्सर होऊ शकतो. "लेकरं दोन आहेत ना? मग काय अडलंय?" सण होईपर्यंत रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या आणि लक्ष्म्या गेल्या की ऑपरेशन, अशी तारीख दिली. कॅन्सर म्हटल्यावर माझे कानच बंद झाले. दोघं लेकरं डोळ्यांपुढं आली, धाकटं तर अजून नीट बोलतही नव्हतं.

गोळ्यांनी दोन दिवसांत रक्त थांबलं. आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी त्यांच्या परीनं मला धीरच दिला. "भिऊ नको. तुझ्या जावंकडं बघ. पिशवी काढल्यापासून कसला इटाळ न्हाई, कसली शिवाशिव न्हाई. बारा महिने देवाला मोकळी."

जाऊबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांची पिशवी काढली तेव्हा त्या आत्ताच्या माझ्याएवढ्याच असतील. तेव्हापासून घरातलं देवाचं सगळं त्यांच्याकडं. गल्लीतल्या बायका सुद्धा घट बसवायला त्यांनाच बोलवायच्या. मी मात्र नेमकी लक्ष्म्यांच्या वेळी गोठ्याच्या पडवीत असायचे. वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि आरतीचा आवाज भिंतीपलीकडून. तिथं बसून मी देवीशी बोलायचे. म्हणायचे, तू पण बाईच ना गं? दोन लेकरं घेऊन उभी राहतीस. तुला कुणी कधी गोठ्यात बसवलं का? बोलून झालं की भ्यायचे आणि दोन्ही कान धरायचे.

त्या साली मी घरात होते. लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी माळ्यावरून पत्र्याच्या दोन कोठ्या उतरवल्या. ह्या कोठ्या म्हणजे देवीचं धड. तिच्यावर साडी नेसवायची आणि वर मुखवटा बसवायचा. आमच्या घरची रीत अशी की देवी रिकाम्या पोटी उभी करायची नाही. कोठीत गळ्यापर्यंत घरचा गहू भरायचा. लक्ष्म्या गेल्या की तोच गहू दळून सगळ्यांनी खायचा.

मी सुपानं गहू ओतत होते, जाऊबाई कोठी धरून होत्या, आत्याबाई उंबऱ्याजवळ वाती वळत बसल्या होत्या. मोठीची कोठी भरली. धाकटीची निम्मी झाली आणि माझ्या पायाच्या बोटांना काहीतरी गार लागलं. बघते तर कोठीच्या बुडातून गव्हाची बारीक धार लागलेली.

"आत्याबाई, धाकटीची कोठी फुटली."

"फुटली म्हनू नको! सणासुदीचं काय बोलून राहिलीस? गंजली असंल. बोळा लाव कापडाचा, वरून कणीक लाव."

"नवीन आणायची का? सेनगावला मिळंल."

"काहून? माझ्या सासूच्या आधीपासून हीच उभी ऱ्हाती. जरा गळती म्हनून देवीचं पोट फेकून देत्यात व्हय?"

जाऊबाई बोळ्यासाठी जुनं लुगडं फाडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या हसल्या. त्यांचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं, आणि ते चांगलं नव्हतं.

"मंग हिचं काहून फेकायला निघालात?"

"कुणाचं?"

"हिचं, धाकलीचं. हिचं बी गळतंयच की."

आत्याबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. "देवीसंगं माणसाची बराबरी करतीस? जीभ झडंल."

"झडू द्या. पिशवी गेली, आता जीभ बी जाऊ द्या."

मी सूप धरून उभी. आता काय होईल, मला काही कळेना. जाऊबाई ह्या घरात कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या खाली बघून, लुगड्याची चिंधी बोटाला गुंडाळत बोलायला लागल्या. "तुमी समद्यांला सांगता, देवाला मोकळी झाली म्हनून. झाले मोकळी. अंगातून वाफा निघत्यात, हिवाळ्यात बी पदर फेकून बसावं वाटतं. कंबर धरती. झोप न्हाई. ते बी जाऊ द्या. पन देवापुढं हात जोडले की काय मागावं तेच सुचत न्हाई. आदी सुचायचं. गोठ्यात बसायची तवा किती काय काय मागायची मी."

मला वाटायचं, पडवीतून देवीशी बोलणारी मी एकटीच.

"मंग आजवर काहून बोलली न्हाईस?" आत्याबाई म्हणाल्या.

"कुनी इचारलं?"

आत्याबाई चिडल्या, पण आवाजात चिडीपेक्षा भ्याव जास्त होतं. "डॉक्टरनं कॅन्सर म्हनलंय. उद्या हिला काय झालं तर ही दोन लेकरं तू सांभाळशील?"

"सांभाळीन. पन एका डॉक्टरच्या बोलन्यावर न्हाई. नांदेडच्या सरकारीत दाखवा. तितं बी काढा म्हनले तर काढा, मीच चटई घेऊन बसते हिच्या खाटंपाशी."

आत्याबाई उठल्या, जाऊबाईंच्या हातातली चिंधी घेतली, स्वतः बोळा वळला आणि कोठीच्या बुडाला दाबून बसवला. मग मला म्हणाल्या, "भर." ऑपरेशनचं हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी गहू भरत राहिले आणि मनात एकच, तारीख जवळ आली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्म्या यायच्या. दारापासून देवघरापर्यंत पावलं काढली होती. मोठी सून मुखवटा घेऊन दारात थांबते आणि धाकटीनं आतून विचारायचं असतं. मला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. गल्लीतल्या बाया जमल्या, जाऊबाई दारात उभ्या राहिल्या, मी तोंड उघडलं आणि मांडीवरून ऊन काहीतरी खाली आलं.

एकही गोळी चुकली नव्हती. तरी आलं.

झाकता आलं असतं. साडी जाड होती. पण देवीच्या पावलांवर माझा थेंब पडला असता तर पुढं लेकरांना साधा ताप आला तरी मी स्वतःलाच बोल लावला असता. "आत्याबाई, मला अडचण आली," मी म्हणाले. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "माय वं! आत्ताच?" मी भिंत धरून मागच्या दाराकडं निघाले. वाटलं, झालं. आता कोणी नांदेडचं नाव काढणार नाही. ही पिशवी माझ्या हातानं मीच गमावली.

"थांब." आत्याबाईंचा आवाज. "तितंच थांब, भिंतीला. कशाला हात लावू नको. इचार फकस्त."

मी वळून बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, पावलांकडं बघत होत्या. मी भिंतीला टेकून, पाय आवळून विचारलं, "कोण आली?"

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलानं आली." मग त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि मी गोठ्याकडं गेले.

लक्ष्म्या होत्या तोवर मी पडवीत रडत होते. पुरणपोळीचं ताट जाऊबाई आणून ठेवायच्या, मी ढकलून द्यायचे. रक्त गोळ्यांच्या आधी होतं त्याहून जास्त झालं होतं. मला वाटलं, मी मरते, आणि मेले तर विटाळातच मरते. पाठवणी झाल्यावर नवरा हिंगोलीची गाडी सांगायला निघाला. आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "हिंगोलीला न्हाई. आदी नांदेडला दाखवा."

"डॉक्टरनं तारीख दिलीय की."

"लग्नाची तारीख हाय का? मोडली तर मोडली."

नांदेडला रांगेत जाऊबाई माझ्यासोबत होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त तपासलं, परत मशीन लावलं. गाठ आहे, पण लहान आहे. कॅन्सरसारखं आत्ता काही दिसत नाही. रक्त फार कमी आहे. पिशवी काढायची आत्ता गरज नाही, गोळ्या घ्या आणि दाखवत राहा. गाठ वाढली तर मात्र बघावं लागेल. जाऊबाईंनी त्यांना दोनदा विचारलं, "म्हंजे ऱ्हाऊ द्यायची ना?" आणि बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडल्या. मला त्यांचं तोंड दिसू दिलं नाही.

आता मी परत पुण्याच्या खोलीत आहे. गाठ आहेच. दर महिन्याला भीती तीच. ह्या वेळी थांबेल का? वाढली असेल का? इथं मला वेगळं बसवणारं कुणी नाही, खोलीच एक. त्या दिवसांत मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीला दिवा लावते. पहिल्यांदा लावला तेव्हा काडी दोनदा विझली आणि मी दोन्ही कान धरले. अजूनही धरते. पण लावते.

जाऊबाईंचा फोन येतो. "आली का गं?"

"आली."

"कशाच्या पावलानं?" त्या हसतात.

"जरा हळू आली ह्या खेपेला."

"येऊ दे, येऊ दे." मग त्या पंखा वाढवतात आणि विचारतात, "दिवा लावलास का? मंग माझ्यासाठी बी काहीतरी माग माय. मला अजून सुचत न्हाई."

मी मागते. आधी त्यांचं, मग लेकरांचं, मग माझं. त्यांना झोप लागू दे, एवढंच म्हणते. पुढच्या फोनला पहिलं तेच विचारते. अजून लागत नाही म्हणतात.