जनान्तिक

अभ्यासाच्या नादात सख्ख्या भाचीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालेली बाई बघायचीय? बघा. ही काय तुमच्यासमोर बसलीय!

त्याचं असं झालं, एक्कावन्नाव्या वर्षी मला मराठीत एम.ए. करायची हुक्की आली. पेपर नाटकाचा. नांदी, नेपथ्य, विष्कंभक... अहो, शब्द आहेत की अडकित्ते? सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ!

त्यातल्या त्यात आवडलं ते जनान्तिक. म्हणजे काय, तर रंगमंचावर चार पात्रं असली तरी एकाने दुसऱ्याशी गुपचूप बोलायचं. अनामिका वाकवायची, बाकी बोटं उभी, हात तोंडाशी आडवा. की झालं! बाकीच्या पात्रांना काही ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

मी आठ दिवस आमच्या ह्यांच्यावर सराव केला. आता ह्यांना ऐकू येतं कमी. त्यामुळे माझं जनान्तिक पार पंचवटीच्या भाजीबाजारापर्यंत पोचायचं, ही गोष्ट वेगळी.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा, पूजाचा, बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी ठरला. भाऊ चांदवडहून आला. पाहुणे सटाण्याचे. मुलगा इंजिनियर, आई-वडील साधे, पोरीच्या चेहऱ्यावर सकाळपासून लाली. मनात म्हटलं, जमलंच!

मुलगा आत आला, टोपी काढली, आणि माझा हात आपोआप तोंडाशी गेला. अनामिका वाकलेली.

"अहो, फोटोतले केस कुठे ठेवून आला हा?"

"काय?" हे म्हणाले.

आता गप्प बसावं ना? नाही! मी आणखी जोरात, "केस! केस!"

"केस? कसली केस? कोर्टात?"

झालं! भाऊ पोह्यांची बशी ठेवून ताडकन उभा. "काय? पोरावर केस हाय? मध्यस्थानं सांगितलं नाय आम्हाला!"

मुलाची आई खवळली. "कोन म्हनतं? माझ्या पोरावर एक बी केस नाय!"

"तेच तर म्हणतेय मी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलगा खाली बघत रुमालाने डोकं पुसायला लागला. दारात चहाचा ट्रे घेऊन पूजा उभी. तिचे डोळे भरलेले. देवाशपथ, धरणीने पोटात घेतलं असतं तर मी तिकीट काढून गेले असते.

"अहो, मी... ते जनान्तिक होतं," मी पुटपुटले. "तुम्हाला ऐकू यायला नको होतं."

मुलाचे वडील एकदम हसत सुटले. गृहस्थ निघाले संस्कृतचे रिटायर मास्तर!

"ताई, हात अगदी बरोबर केलात. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं, की नाटकात त्याला 'प्रकाश' म्हणतात."

"आणि मला केसांचं माहितीय, आत्या," पूजा ट्रे ठेवत म्हणाली. "दोन महिने व्हिडिओ कॉलवर बोलतोय आम्ही. मला आवडतो तो असाच."

दोन महिने! आता भावाने नुकतीच उचललेली बशी पुन्हा ठेवली. पण मास्तर इतके हसत होते की त्यालाही हसावं लागलं. दुपारपर्यंत लग्न ठरलं.

साखरपुड्याला सटाण्याच्या बायका रांगेने येऊन मला बघून गेल्या. "ह्याच का त्या केसवाल्या आत्याबाई?"

मग माइक फिरला. मामा बोलले, काका बोलले, मंडपवालासुद्धा दोन शब्द बोलला. माझ्यापर्यंत माइक येणार, तेवढ्यात नवरदेवाने तो वाटेतच काढून घेतला आणि माझ्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाला,

"आत्या, तुम्ही आज फक्त जेवा."