चार नंबर लाइनची आत्या

आत्याने मला कधीही नावाने हाक मारली नाही. तेरा वर्षांत एकदासुद्धा नाही. चाकणच्या कंपनीत चार नंबर लाइनवर मी पहिल्या दिवशी जाऊन उभी राहिले, तेव्हा निळ्या कोटातली एक ठेंगणी, काळीसावळी बाई समोर आली. ती लाइनची मुख्य, सगळ्यांची आत्या. माझ्या गळ्यात नवंकोरं कार्ड होतं, त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "कुठली गं तू?" म्हणाली. मी म्हटलं, "परभणी." "बरं. परभणी, केस टोपीच्या आत घाल." झालं. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव तिथेच गळून पडलं.

माझ्या शेजारी चिपळूण उभी असायची आणि समोर भुसावळ. "भुसावळ, टेप संपत आली बघ. चिपळूण, दमानं घे, तुजी गाडी सुटत न्हाई!" असं दिवसभर चालायचं. नवख्या माणसाला वाटावं, आपण कारखान्यात नव्हे, एसटी स्टँडवर आलोय. मी एकदा धीर करून विचारलं, "आत्या, आम्हाला नावं नाहीत का?" तर म्हणाली, "नाव कार्डावर हाय की. गाव कुटं लिवलंय? आन् गावाचं नाव घेतलं की बाई जरा ताठ उभी ऱ्हाती." खरं होतं ते. मी त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्याच कारणाने ताठ उभी राहत नव्हते.

तिचं स्वतःचं गाव विचारलं तर ती पायाखाली बोट दाखवायची. "तू उभी हायेस तेच." आणि ते थट्टेत नसायचं. कंपनी उभी आहे ती जमीन एके काळी तिच्या सासरची. जिथे आमचं कॅन्टीन, तिथे त्यांचा कांदा असायचा. पिनांच्या मशीनखाली त्यांची विहीर होती, ती बुजवून वर फरशी झाली. दर पावसाळ्यात त्या कोपऱ्यात ओल यायची आणि मेंटेनन्सची माणसं फुटलेला पाइप शोधत फरशीवर रांगायची. आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "अरं बाबांनो, पाइप न्हाई, इहीर हाय ती!" कुणी ऐकायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच रांगणं.

साहेब लोकसुद्धा तिला आत्याच म्हणायचे. "रॅक इकडे असता तर, लाइन तिकडे असती तर" असं काही बोलायला लागले की ती आपल्या वरच्या ओठावर बोट फिरवायची. "हायेत का बघा मिशा. न्हाईत न्हवं? मग मी काका न्हाई, आत्याच हाय. रॅक जितं हाय तितंच हाय. बोला पुढं."

आमचं काम म्हणजे गाडीच्या पोटातल्या वायरींचे जुडगे बांधायचे. मोठ्या फळीवर वायरी अंथरायच्या, एकेका वायरीच्या टोकाची पिन प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये बसवायची आणि वरून टेप गुंडाळायची. पिन नीट बसली की बारीक 'टक्' वाजतं. आत्याने मला दोन दिवस फळीला हात लावू दिला नाही. एक रिकामा कनेक्टर आणि मूठभर वायरी हातात दिल्या आणि घोकून घेतलं, "ढकल, ऐक, ओढून बघ." मशीनच्या गोंगाटात तो टक् मला काही केल्या ऐकू येईना. "कानानं कशाला ऐकतीस? बोटानं ऐक," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी ऐकू आला. खरंच बोटाला.

माणसांनाही ती तशीच ओढून बघायची. त्याच तिसऱ्या दिवशी, डबा खाताना, सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, "परभणी, परत जायचं मनात हाय का?" मी मानेने नाही म्हटलं आणि भाकरीवर रडले. मग सगळं सांगितलं. नवऱ्याचं घर सोडून मी भावाकडे आले होते. पाच वर्षांची सई आईजवळ ठेवून एकटीच इकडे आले. कंपनीने सहा महिने शिकाऊ म्हणून घेतलं होतं. सहा महिन्यांनी, मे महिन्यात, कायम केल्याचं पत्र मिळालं तर जूनमध्ये सईला आणून इथल्या शाळेत घालणार होते. नाही मिळालं, तर भावाच्या दारात परत. निघताना भाऊ म्हणाला होता, "जमलं तर बघ, नाहीतर घर आहेच." त्या 'घर आहेच'मध्ये घर कुठे नव्हतं, हे मला आणि त्याला दोघांनाही ठाऊक होतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं. कीव केली नाही. "मग रडून टोपी भिजवू नगं. मेपातुर येळ हाय," एवढंच बोलली.

तिच्या गावच्या जत्रेला ती आम्हा लाइनच्या बायकांना घेऊन गेली. ओसरीवर तिचा दीर बसला होता. आम्हाला पाहून तो कुणाला तरी म्हणाला, "जमिनी गेल्या, नोकऱ्या गेल्या. आता जेवायलाबी भायेरचीच मान्सं." भुसावळने माझा हात दाबला. आम्ही उठायच्या बेतात होतो. आत्या परात घेऊन बाहेर आली, दिराच्या शेजारीच आमची पानं मांडली आणि त्याला म्हणाली, "भावजी, सरका जरा. माज्या माहेरची मान्सं हायेत." दीर सरकला. आमच्यात परभणी, चिपळूण, भुसावळ सगळंच होतं. इतकं ऐसपैस माहेर त्याने आधी पाहिलं नसावं. आमटीत तिखट इतकं होतं की डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणाला कळलं नाही, हे बरंच झालं.

आणि मग ऐन एप्रिलमध्ये मी माती खाल्ली.

वायरींना अंगचा एक रंग असतो आणि वर एक रेघ असते. काळ्यावर पांढरी रेघ ही एक वायर, पांढऱ्यावर काळी रेघ ही दुसरी. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला होता. सई तापाने फणफणली होती. मी काम करत होते, पण मी तिथे नव्हते. दुपारी तपासणीच्या टेबलावर लाल दिवा लागला. मग पुन्हा लागला. अकरा जुडग्यांमध्ये त्या दोन वायरी उलट बसल्या होत्या. बसवलेल्या पिना काढणं म्हणजे बांधलेलं सगळं उलगडणं. लाइन थांबली. क्वालिटीचे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "ही जागा कोणाची?"

त्या जागेवर आम्ही दोघी होतो. मी आणि चिपळूण, एक फळी तिची, एक माझी. कुठली कुणाची, हे आता कळायला मार्ग नव्हता. चिपळूण कायम झालेली होती, तिला समज देऊन सोडलं असतं. माझं पत्र मात्र जन्मायच्या आधीच गेलं असतं. मला कळलं होतं की अकराही माझेच. चिपळूण सात वर्षांत रेघ चुकली नव्हती. तीही गप्प, मीही गप्प. मी सईचा विचार करत होते, असं म्हटलं तर बरं दिसेल, पण खरं सांगते, त्या क्षणी मी फक्त माझाच विचार करत होते.

आत्या साहेबांना म्हणाली, "धा मिन्टं द्या." ते चहाला गेले. ती आमच्यासमोर उभी राहिली. कुणाकडेही बोट न करता बोलली, "चूक सांगायचं काम जिची तिचं. सांगितल्यावर संगं उभं ऱ्हायचं काम माजं. पर पयलं काम झाल्याबिगार मला दुसरं करता येत न्हाई."

मी म्हटलं, "आत्या, माझ्याकडनं झालंय." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा एकदा म्हणावं लागलं.

साहेब परत आले तेव्हा मी स्वतः सांगितलं. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं. खरं नाव. "पत्राच्या वेळी बघू," म्हणाले. तेव्हा आत्या पुढे झाली. "साहेब, सोमवारी तीन नव्या पोरी येतायत. त्या हिच्या हाताखाली शिकतील." साहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "चुकलेल्या बाईच्या हाताखाली?" "आमच्या लायनीत जी चुकती तीच त्या जागंचं शिकवती. जिचं कदी चुकलंच न्हाई तिला काय दाखवायचं ते कळत न्हाई. म्हैना द्या. त्या जागंवर एक जरी उलटी निघाली तर हिचं पत्र फाडा, आन् मला लायनीवरनं काढून पिना मोजायला बसवा."

घरी जाऊन मी डोकं धरून बसले. कुणाला शिकवायचं म्हणजे आधी मला कळायला हवं होतं की मी चुकते कुठे. डोळा आधी रेघेवर जायचा, ती उठून दिसते म्हणून. अंगचा रंग मागे राहायचा. सोमवारी त्या तीन मुलींसमोर वायर धरली आणि तोंडातून निघून गेलं, "आधी साडी बघायची, मग काठ. ही काळी साडी, पांढरा काठ. ही पांढरी साडी, काळा काठ." मुली हसल्या, पण चुकल्या नाहीत. आठवड्याभरात सगळी लाइन साडी-काठ म्हणायला लागली. नंतर एकदा साहेबही म्हणाले आणि स्वतःच लाजले.

महिनाभरात त्या जागेवर एकही उलटी निघाली नाही. मेच्या शेवटी पत्र आलं. मी आत्याच्या पाया पडायला वाकले तर तिने मधेच धरलं. "हात कामाचे हायेत, पायाला लावून मळवू नगं," म्हणाली आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

जूनमध्ये सई आली. गावातल्या शाळेत नाव घालायला गेलो तर गुरुजी आमच्या भाड्याच्या खोलीच्या कागदांवरून अडून बसले. आत्या सोबत होती. कागद तिने बाजूला सारले आणि म्हणाली, "गुर्जी, ही आमच्या आळीतली पोर हाय. अजून कंचा कागूद पायजे?" आमच्या आळीतली! सई पुढे शाळेत कुणी गाव विचारलं की तेच सांगायची. परभणीच्या तिच्या आजीला याचं फार वाईट वाटायचं. मला नाही वाटायचं.

आत्या निवृत्त झाली आणि मुलाच्या फ्लॅटवर तळेगावला राहायला गेली. गेल्या वर्षी सईला ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मी पेढे घेऊन आत्याला भेटायला गेले. ती खूप वाळली होती. पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. मग म्हणाली, "परभणी, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

कंपनी नवीन होती तेव्हाची गोष्ट. गावकऱ्यांनी गेट अडवलं होतं. आमच्या जमिनी घेतल्या, आम्हाला नोकऱ्या द्या, हे मागणं. बायकांच्या पुढे आत्याच होती. बाहेरगावच्या बायकांना घेऊन एक बस आली, ती त्यांनी अडवली. बाकीच्या आतच बसून राहिल्या. एक बाई मात्र खाली उतरली. हातात कापडी पिशवी. उन्हाचे दिवस होते. तिने आत्याकडे प्यायला पाणी मागितलं. "माज्याजवळ भरलेली कळशी व्हती," आत्या म्हणाली. "मी म्हन्ले, आमच्या जिमिनीवर तुमास्नी पानी न्हाई. ती कायच बोलली न्हाई गं. रस्त्याच्या कडंला जाऊन बसली. दुपारी चाकनकडं चालत निघाली, ती गेलीच. पुढं आमाला नोकऱ्या लागल्या. समद्यांना घेतलं, त्या बशीतल्याबी आल्या. तीच तेवडी आली न्हाई. बशीतल्या बायांना इचारलं, तर त्याबी तिला वळखत न्हवत्या. ना नाव ठावं, ना गाव. कुनाला इचारनार?"

"आत्या, तिला दुसरीकडं कुठं काम लागलं असेल," असं काहीतरी मी म्हटलं. खोटं तिला कळायचं. मग तिने पेढा खाल्ला आणि सईला आशीर्वाद सांगितला. दारापर्यंत आली. तीच शेवटची भेट. माघात ती गेली.

मला तिचा राग यायला हवा होता. माझ्यासारख्याच एका बाईला तिने तहानलेली परत पाठवलं होतं. पण राग आला नाही, अजूनही येत नाही. तेरा वर्षं मी समजत होते की आत्या जन्माचीच अशी आहे, मोठ्या मनाची. तिला ते मन रोज सकाळी उठून कामाला लावावं लागत होतं, हे मला तळेगावच्या त्या फ्लॅटमध्ये कळलं. आणि तेव्हापासून मला आत्याइतकीच ती दुसरी बाईही आठवते, जिला मी पाहिलंसुद्धा नाही. तिला जे द्यायचं राहून गेलं, ते सगळं माझ्या पानात पडलं. माझी सई त्यावरच मोठी झाली. त्या बाईचंही एखादं लेकरू मागे कुणाकडे ठेवलेलं होतं का, हे मात्र मला कधीच कळणार नाही.