घरचं वळण

विमान तिसऱ्यांदा उसळलं आणि धाडकन आदळलं. पुढच्या खुर्चीतून मला शिकवणारे कॅप्टन उतरले. बाकावर वकिलांची, देशमुखांची पोरं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मान खाली घालून उतरतो हा. घरचं वळण, दुसरं काय!"

पोरं हसली. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

बिदरच्या त्या धावपट्टीवर सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकणारा आमच्या वस्तीतला मी पहिलाच. वर चढणं जमायचं, वळणं जमायचं. उतरताना गाडं अडायचं. जमीन अंगावर येतेय असं वाटून मी विमानाचं नाक वर करायचा दांडा लवकर ओढायचो. मग विमान अधांतरी रेंगाळायचं आणि आपटायचं. दोन महिने हेच. मागून आलेली पोरं एकटी उडूनही आली. "शनिवारपर्यंत जमलं नाही तर नाव कापतो," कॅप्टननी बजावलं होतं. मला रागसुद्धा येत नव्हता. नुसता थकवा. झोपून उठलं तरी न जाणारा.

संध्याकाळी सायकलवर कमठाण्याला, घरी निघालो. ते वाक्य डोक्यातून जाईना. घरचं वळण. खरंच होतं की ते! मी सहा वर्षांचा असताना गावचे पाटील समोरून आले आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एवढंच. त्यांनी मला नाही मारलं. माझ्या बापाला मारलं, वहाणेनं, माझ्यादेखत. ओठाचं रक्त पुसत अप्पा मला म्हणाला, "वर कामून बघितलास रं? आपल्यासारख्यानं पायाकडं बघून चालावं."

तेव्हापासून पायाकडेच बघत आलो. शाळेत, कचेरीत. आणि विमानातही, चाकाजवळच्या जमिनीकडे.

सायकलवरही पुढच्या चाकावरच नजर होती. मान उचलली. लांब, जिथं रस्ता चढावर दिसेनासा होतो, तिथं बघितलं. हँडल डगमगायचं थांबलं. मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसून रडलो. इतकी साधी गोष्ट, आणि ती कळायला वयाचं चोविसावं वर्ष उजाडलं.

शनिवारी धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाकडे बघत उतरलो. जमीन सावकाश वर आली. चाकं टेकली. पुन्हा वर गेलो, पुन्हा अलगद टेकली. तिसऱ्यांदाही.

कॅप्टन खाली उतरले. "आता एकटा जा. आधी पाया पड. सगळे पडतात."

मी पट्टा सोडला तसे ते दोन पावलं मागे सरले.

"लांबूनच. तिथंच जमिनीला डोकं टेकव."

मी कॅप्टनच्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाई, साहेब."

"मग विमानही नाही."

"नसू द्या."

मी खाली उतरलो आणि त्यांच्या समोरून चालत गेलो. त्या दिवशी एकट्यानं उडालो नाही. शिष्यवृत्ती राहील का, तेही ठाऊक नव्हतं. अंगात त्राण नव्हतं. पण सोमवारी मी पुन्हा येणार होतो. हाकललं तर मंगळवारी. माझी पाळी मागायला, उभ्यानं. डोकं मात्र कुणापुढं टेकवणार नव्हतो.