मांडीवरचा पेरू

पोलादपूरच्या शाळेत शिकवून परतताना मी महाडच्या एसटी स्टँडवर गाडी बदलते. तिथे फलाटाच्या टोकाला एक बाई पेरूची पाटी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विकणारी माणसं स्वतः डागाळलेलं, उरलंसुरलं खातात. ही मात्र सगळ्यात देखणा पेरू आधीच उचलून मांडीवर ठेवायची. कुणी तो मागितला की म्हणायची, "तो माझा हाय. इकायचा नाय." गिऱ्हाईक चिडलं तरी हसायची.

एकदा आई तापाने पडली होती. तीन दिवस पेजेशिवाय तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. त्या सकाळी तिने पिकलेला पेरू मागितला. संध्याकाळी मी स्टँडवर पोचले, तर पाटी रिकामी, मांडीवरचा तेवढा उरलेला.

"मावशी, आई आजारी आहे. तेवढा द्या ना."

तिने मांडीवरच्या पेरूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मधोमध कापून अर्धा माझ्या हातात ठेवला. "अर्धा माझा. मी काय कमी राबले?" असं म्हणत आपल्या अर्ध्याला मीठ लावून ती डोळे मिटून खाऊ लागली. पैसे घेतले नाहीत. मी वळले तशी मागून ओरडली, "तिलाच खाऊ दे गो! आयांना वाटायची लय खोड!"

घरी आईने लगेच सुरी मागितली, आम्हा भावंडांना फोडी करायला. मी दिली नाही, पेरूवालीचा निरोप सांगितला. आई लाजली. मग भिंतीला टेकून बसली आणि तिने हळूहळू तो अर्धा पेरू बियांसकट संपवला.

तोवर मी पदवीधर झाले होते, नोकरीला लागले होते, पण आईला एकटीने, आवडीने काही खाताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.