आधी तुम्ही

"आधी तुम्ही," म्हणत आमचे शेजारी दारातून बाजूला व्हायचे. बँक असो, देऊळ असो, लिफ्ट असो, ते सगळ्यांच्या शेवटी आत यायचे. सदाशिव पेठेत कोणी आपणहून दुसऱ्याला पुढे जाऊ देतो म्हटल्यावर तुम्हालाही संशय आला असता. मी तर त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारा. एकदा मीही इरेला पेटलो. दोघं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे राहिलो आणि लिफ्ट आम्हाला सोडून वर निघून गेली.

जिना चढता चढता मी चिडून म्हणालो, "अहो, एवढी सभ्यता कशासाठी?"

"सभ्यता कसली! एकदा पुढे झालो होतो. तेवढं पुरे झालं."

मग जिन्यातच थांबून त्यांनी सांगितलं. ते जुळ्यातले. हे आधी आले, मागून आलेला भाऊ रडलाच नाही. आई दर वाढदिवसाला त्यांना ओवाळायची आणि तबक खाली ठेवताना म्हणायची, "तुला फार घाई होती." आवाज न चढवता, बस, एवढंच. जन्माला येणं म्हणजे नुसतं येणं, असं मी आजवर समजत होतो. यांच्या लेखी ते कोणाला तरी मागे सारून येणं होतं.

पुढे त्यांच्या मुलीला जुळं होणार असल्याचं कळलं. घरात पेढे वाटले. यांनी आपला पेढा तसाच हातात धरून ठेवला.

दोन मुलगे झाले. थोरला ठणठणीत, धाकटा अगदीच नाजूक, काचेच्या पेटीत ठेवलेला. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर हे पेटीपाशी उभे. मुलीने थोरल्याला त्यांच्यापुढे धरलं, तसे ते मागे सरकले.

"बाबा, घ्या ना याला."

"नको. हा पुढे झाला."

मला त्यांचा रागच आला. आईचं ते वाक्य आता या एवढ्याशा जिवाच्या कपाळी येणार होतं. मुलीने मात्र त्याला तसंच पुढे धरून ठेवलं.

"बाबा, याने काही केलेलं नाही. तुम्हीसुद्धा केलं नव्हतं."

असं त्यांना आजवर कोणी म्हणालंच नसावं. मग त्यांनी हात पुढे केले, थोरल्याला छातीशी घेतलं आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "तुला घाई नव्हती हो." माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ते पेटीकडे वळले. "आणि तू सावकाश ये. मी करतो जागा."

हे शेवटचं मला अजिबात आवडलं नाही.

धाकटा सावरला, घरी आला. त्याच दुपारी हे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. योगायोग, असं मी स्वतःला अजून बजावत असतो.

त्यांना न्यायची वेळ झाली. चौघांनी उचललं आणि मी सवयीने त्यांच्या पुढे दारातून बाहेर पडायला लागलो. मुलीने माझा हात धरला.

"काका, आज आधी बाबा."

मी बाजूला झालो.