काय काय राहिलं?

सोलापूरहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागद हातात दिला आणि पहिलाच प्रश्न वाचून माझंच डोकं उठलं. 'शिरोवेदनेमुळे आपली किती दिवस कार्यहानी झाली?' डोकेदुखीपायी माणूस किती अडतो, ते मोजणारी ही परदेशी प्रश्नावली कुणा विद्वानानं मराठीत आणली होती. मराठीतही ती नीट मोजते का, हे आमच्या तामलवाडीच्या बाजूच्या गावांत तपासायचं होतं. मी तिथल्या दवाखान्यात नर्स, आणि तोंडाची फटकळ. म्हटलं, बाई, आमच्याकडं शिरोवेदना कुणालाच होत नाही, डोकं मात्र घरोघरी दुखतं. त्या हसल्या आणि प्रश्न बदलला: 'डोकं दुखल्यामुळं किती दिवस काम बुडालं?'

तो मलाही पटला. सकाळी बायका होतं नव्हतं ते दूध सोसायटीच्या केंद्रावर घालायला येत. तिथंच एकेकीला गाठून मी विचारू लागले. उत्तर सगळ्यांचं एकच, एकही दिवस नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी अक्का म्हणते, त्याही तेच म्हणाल्या. मी बघतच राहिले. अर्धशिशी उठली की अक्का कपाळावर फडकं आवळून गोठ्याच्या अंधारात जाऊन बसायच्या, ओकायच्या. सासूबाई म्हणायच्या, सगळी सोंगं. आणि आता कागदावरही अक्कांचं शून्य. जितकं अडणं जास्त तितके गुण जास्त, आणि जास्त गुण असतील त्यांनाच सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवणार होते. आपल्या मनानं काही लिहायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा दंडक. मला संताप आला, पण कुणाचा ते कळेना.

या कामाची रीत अशी की थोड्या दिवसांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्न भरवशाचा. इथं भलतंच झालं. बायकांना वाटलं, मागचं उत्तर चुकलं म्हणूनच ही परत आली. एकीनं मलाच विचारलं, किती सांगू म्हणजे बरोबर येईल?

अक्कांना मी घरीच विचारलं. त्या ओट्यावर रेशनची ज्वारी निवडत होत्या, सासूबाई शेजारी बसलेल्या. अक्का वैतागल्या. "सांगितलं की तुला, खाडा न्हाय पडू दिला म्या. मुकादमानं नाव काटलं तर खायाचं काय?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. दुष्काळाच्या त्या सालात काम म्हणजे एकच, रस्त्यावर सरकारी खडी फोडणं. चूल, पाणी, गुरं, पोरं, याला काम कोण म्हणतं? आणि खडीवर खाडा झाला असं कागदावर कबूल करणार तरी कोण?

मी म्हटलं, "अक्का, खडीचं सोडा. डोकं उठलं की काय काय करायचं राहतं, तेवढं सांगा."

ज्वारीतले खडे वेचता वेचता त्या सांगत सुटल्या. कोरड्यास चुलीवर करपतं. लेकीची वेणी राहते, ती झिंज्या घेऊनच शाळेला जाते. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मागच्या खोलीत पडून होत्या, अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत. बोलता बोलता त्या थांबल्या. "ह्ये बी धरतात व्हय?"

"धरतात," मी ठणकावून सांगितलं. खरं तर अजून कुणाला विचारलंही नव्हतं.

पण डॉक्टरीणबाईंनी धरलं. म्हणाल्या, प्रश्न हाच पाहिजे होता. 'काय काय राहिलं?' असं विचारत आम्ही सगळी गावं पुन्हा दोनदा पालथी घातली, आणि या वेळी दोन्ही खेपांची उत्तरं जुळली. मला इतका आनंद झाला की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले. अक्कांचे गुण सगळ्यांत वर आले.

अक्का एस.टी.नं सोलापूरला गेल्या, त्या दिवशी भाकरी सासूबाईंनी थापल्या. मी दवाखान्याला निघाले तर त्यांनी हाक मारली. पिठानं माखलेले हात तसेच, नजर तव्यावर.

"जरा बस," त्या म्हणाल्या. "मला बी इचार की ते. काय काय राहिलं म्हणून."