म्हैस दूध किती देते?

मी बसमध्ये ओरडले. कोराडीहून सदरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये अर्धे लोक झोपलेले असतात आणि अर्धे मोबाईलमध्ये घुसलेले. तिथे मी "लागला! नंबर लागला!" म्हणून अशी ओरडले की कंडक्टरला वाटलं कोणाचा तरी खिसा कापला. शेजारच्या बाईनं माझा हात धरला. "काय झालं वं? नोकरी लागली का?"

"नोकरी आहेच हो! आमच्या म्हशीचा नंबर लागला!"

सगळी बस हसली. हसू दे. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होते. पशुसंवर्धनाच्या उन्हाळी वैरण योजनेच्या सोडतीत माझ्या सासूबाईंचं नाव निघालं होतं. ज्या बाईच्या नावावर दुभती म्हैस, तिला उन्हाळाभर सरकी ढेप, हिरव्या चाऱ्याचं बियाणं, आणि वर अनुदानावर कडबा कुट्टीची मशीन. अर्ज मीच भरला होता, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. फोटो जोडा. फोटो मोठा आहे म्हणे, लहान करा. लहान केला तर आता दिसत नाही म्हणे. त्या वेबसाईटला मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्यालाही घातल्या नसतील, आणि नवऱ्याला काही कमी घातल्या नाहीत.

एका म्हशीसाठी एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या गावचा उन्हाळा पाहावा. वीज केंद्र जवळ, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापून आणलं तरी राख झटकून, धुऊन मगच जनावरापुढे टाकायचं. होळी झाली की तेही संपतं आणि कुटार, म्हणजे सुका भुसा, तोही मिळेनासा होतो. मागच्या उन्हाळ्यात आमची थोरली म्हैस त्यापायीच विकावी लागली. राहिली ही एक. ही एवढीशी वगार होती तेव्हाच हिची आई मेली. सासूबाईंनी हिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, थंडीच्या दिवसांत स्वतःची गोधडी हिच्या अंगावर टाकली. माझा नवरा वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. त्यानं संक्रांतीलाच सांगून टाकलं होतं, "यंदा चाऱ्याची सोय झाली त ठीक, नाहीतर होळीनंतर हिलेबी बाजारात नेतो." तो काही वाईट माणूस नाही. उपाशी जनावर त्याला पाहवत नाही.  सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, एवढंच.

म्हणून संध्याकाळी मी बसमधून उतरले ती पळतच घरी. "आई! आपला नंबर लागला! आता नाही विकावं लागत हिले!"

सासूबाई आनंदल्या, मला दिसलं ना! डोळे भरले होते त्यांचे. पण तोंडातून काय निघालं? "हळू बोल वं! साऱ्या गल्लीले सांगून राहिली का?"

मी मनात म्हटलं, झालं, इथेच माशी शिंकणार.

कारण योजनेत अट होती. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन पाहणी करणार आणि म्हैस दिवसाला आठ लिटरच्या वर दूध देत असली तरच मंजुरी. आमची तेरा देते. म्हणजे काही चिंता नाही, असं कोणालाही वाटेल. पण आमच्या घरात दुधाचा आकडा तोंडातून काढत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचं, "असंच जी, चहापुरतं." आकडा सांगितला की जनावराला नजर लागते, जनावर आटतं. आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही. गावातल्या यच्चयावत म्हशी चहापुरतंच दूध देतात. रोज सकाळी मोटारसायकलींना कॅन लटकवून शहरात पार महालापर्यंत जे दूध जातं, ते कुठून येतं देवाला माहीत!

मी शहरातली, सदरची, पिशवीतलं दूध पिऊन वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मोठ्या कौतुकानं शेजारणीला थोरल्या म्हशीचा आकडा सांगितला होता. त्याच संध्याकाळी त्या म्हशीनं लाथ मारून दुधानं भरलेला गंज सांडला. सासूबाईंनी म्हशीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि माझ्याशी अबोला धरला. तेव्हापासून मीही चहापुरतंच म्हणत आले.

"पण डॉक्टरले खरं सांगाल ना, आई?" मी रोज विचारायचे.

"हो वं बाप्पा, सांगीन. किती डोकं खातं!"

पाहणीच्या दिवशी मी सुट्टी टाकली. गोठा धुतला, म्हैस धुतली, तिच्या शिंगांना तेल लावलं. डॉक्टर आले, तरुण पोरगाच, हेल्मेटखाली घामानं भिजलेला. टॅबवर म्हशीचा फोटो घेतला, कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला, पोटाला हात लावून पाहिला. सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "मावशी, म्हैस दूध किती देते?"

सासूबाईंनी म्हशीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे शेजारीण धुणं वाळत घालत होती, तिच्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "कायचं दूध जी. घरच्या चहापुरतं होते."

"तरी, अंदाजानं?"

"दोनेक लिटर. कधी तेबी नाही. म्हातारी झाली बिचारी."

म्हातारी! दुसऱ्या वेताची म्हैस आणि म्हातारी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "साहेब, तेरा देते! तेरा लिटर!"

"चूप बैस वं!" सासूबाई माझ्यावर खेकसल्या.

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "सकाळपासून ज्या घरी गेलो तिथे चहापुरतंच आहे, ताई. काय करू मी? म्हैस यांच्या नावावर. मालकीण सांगेल तेच मला भरावं लागतं. आठच्या वर नसेल तर योजनेत नाही बसत."

मी हातापाया पडायची बाकी राहिले. शेवटी ते म्हणाले, "संध्याकाळी परत जाताना थांबतो. माझ्यासमोर धार काढा, मी मोजून घेतो. पण सकाळच्या धारेचं मालकिणीनं स्वतः सांगायचं. दोन्ही मिळून काय होते ते पाहू. उद्या यादी बंद होते, हे ध्यानात ठेवा."

ते गेले आणि मी जी सुटले! "आई, तुम्हाला म्हैस पाहिजे की नको? काहून असं केलं?"

"माह्या मायची म्हैस अशीच गेली," सासूबाई म्हणाल्या.  "मायनं पाहुण्यायसमोर आकडा सांगतला. दुसऱ्या दिवशी कास सुजली. मंग ते म्हैस कधी पान्हावलीच नाही. मी पायलं हाय माह्या डोयानं."

"अहो, घाणीनं सुजली असेल कास! आकड्यानं कशी सुजेल?"

"तुले काय मालूम. तू सदरची."

"हो, आहे मी सदरची! पण होळीनंतर हिला टेम्पोत चढवतील तेव्हा काय म्हणाल? कोणाची नजर लागली म्हणाल? तेव्हा तर कोणाला आकडा सांगितला नसेल ना तुम्ही!"

बोलून गेले. सासूबाई उठल्या, गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसल्या. मी चहा नेऊन ठेवला, त्यावर साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि घड्याळ काही पुढे सरकत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले तोवर बातमी गावभर झालेली. भिंतीला टेकून अर्धी गल्ली उभी. सासूबाई धारेला बसल्या, तिची वगार प्यायला सोडली, ओढली, कासेला पाणी मारलं, आणि म्हैस ढिम्म. एवढी माणसं, त्यात डॉक्टरांच्या अंगाला औषधाचा वास. तिनं पान्हा चोरला. थेंब नाही!

"खरंच म्हातारी झाली वाटते," भिंतीवरून कोणीतरी म्हणालं.

"तुम्ही मागे सरका सगळे!" मी ओरडले. माणसं सरकली. पण डॉक्टर कसे सरकतील? त्यांना तर मोजायचं होतं. तेव्हा सासूबाई भांडणानंतर पहिल्यांदा बोलल्या, आणि काय बोलल्या! "पोरी, माहं जुनं लुगडं आन. साहेबाच्या अंगावर टाक. तिले माहा वास आला म्हनजे सोडते ते."

मी लुगडं आणलं. सरकारी डॉक्टरांनी, काय भला माणूस, मुकाट्यानं डोक्यावरून लुगडं घेतलं आणि टॅब आत लपवून म्हशीशेजारी उभे राहिले. गल्ली हसून लोटपोट. म्हशीनं मान वळवली, लुगडं हुंगलं, एक फुसकारा टाकला. आणि सूं सूं सूं! धार लागली! गंजात फेस चढायला लागला. डॉक्टरांनी मापानं मोजलं. साडेपाच.

"बरं आहे," ते लुगड्यातूनच म्हणाले. "पण साडेपाचात होत नाही. मावशी, सकाळी किती देते?"

कोणी हसलं नाही आता. सगळी गल्ली कान देऊन उभी होती, नेमकी ज्यांच्यापासून हा आकडा इतकी वर्षं लपवला तीच सगळी माणसं. सासूबाईंनी पदराला हात पुसले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.  

"साडेसात," त्या पुटपुटल्या.

"जरा मोठ्यानं सांगा, मावशी."

"साडेसात!" अहो, काय आवाज निघाला त्या म्हातारीचा! "सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेपाच! रोजचं तेरा लिटर देते माही म्हैस! लिवा! बाटलीनं पाजून वाढवली मी तिले. तिले बाजारात नाही जाऊ देत मी!"

मी तर उड्याच मारल्या, पोरीबाळींसमोर, लाज सोडून. डॉक्टरांनी टॅबवर बोट दाबलं. "बसली योजनेत!" आणि मग जे झालं ते ऐका. सकाळी धुणं वाळत घालणारी ती शेजारीण पुढे आली. "साहेब, आमचंबी खोडा जी. चहापुरतं नाही, नऊ देते आमची." तिच्या मागून कोणी दहा म्हणालं, कोणी साडेदहा. जो तो आपला आकडा ओरडायला लागला. डॉक्टर लुगडं सावरत सावरत लिहीत होते.

त्या गोंधळात त्यांनी सासूबाईंना विचारलं, "मावशी, तुमचे कागद एकदम बरोबर होते. अर्ज कोणी भरला?"

"माह्या सुनेनं," सासूबाई म्हणाल्या. एकदा खरं बोलायला तोंड उघडलं होतं, ते आता मिटेना. "दिवसभर सदरले नोकरी करते अन् घरी येऊन शेन काढते. तोंडाची फटकळ हाय, पन मनाची लय चांगली. माह्या लेकानं हात टेकले, हिनं नाही टेकले. पोटच्या पोरीनं नसतं केलं एवढं. अशी सून गावात कोनाची नाही, जी."

सगळ्या गल्लीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी, एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई, उगाच म्हशीचं दावं नीट करायला लागले. आणि सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या घाईघाईनं माझ्याजवळ आल्या, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"घरात जाय तू," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "लोक पाहून राहिले तुह्याकडे."